सम्टर उपाशी, व्हाइट हाऊस उमेदवारांनी भरलेलं: लिंकनने मार्च १८६१ वाया घालवला का?

बखरवाचक

अमेरिकन यादवी युद्धाबद्दल आपण वाचतो ते बहुतेक तोफा धडाडल्यानंतरचं. मला त्याच्या अगदी आधीचे सहा आठवडे चर्चेला घ्यायचे आहेत, ४ मार्च १८६१ ला लिंकनचा शपथविधी झाला तिथपासून १२ एप्रिलला सम्टर किल्ल्यावर मारा सुरू झाला तिथपर्यंतचे. माझं मत आधीच सांगतो. या काळात लिंकनने देशाचा सर्वांत मोलाचा वेळ पोस्टमास्तर, जकात अधिकारी आणि परदेशातल्या वकिलाती वाटण्यात घालवला.

पार्श्वभूमी थोडक्यात. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन जेमतेम चाळीस टक्के मतांवर निवडून आला. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटली. फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सात राज्यं बाहेर पडली होती आणि १८ फेब्रुवारीला माँटगमरी इथे जेफरसन डेव्हिसने शपथही घेतली. म्हणजे लिंकनच्या शपथविधीच्या दोन आठवडे आधीच समोर दुसरं सरकार उभं होतं. ५ मार्चला, कारभार हाती घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच्यापुढे मेजर अँडरसनचा अहवाल आला. चार्ल्सटन बंदरातल्या सम्टर किल्ल्यात शिधा सहा आठवड्यांच्या आसपास पुरेल, त्यानंतर किल्ला सोडावा लागेल.

आता त्याच वेळी व्हाइट हाऊसमध्ये काय चाललं होतं ते पाहा. सत्ता पालटली की सरकारी नोकर पालटायचे, हे १८२९ पासून, अँड्र्यू जॅक्सनच्या काळापासून राजरोस चालत आलेलं. न्यूयॉर्कच्या विल्यम मार्सीने तर १८३२ मध्ये सेनेटमध्ये उभं राहून सांगितलं होतं की जिंकणाऱ्याचा लुटीवर हक्कच असतो. त्यात रिपब्लिकन पक्ष पहिल्यांदा सत्तेवर येत होता. शिफारसपत्रांचे गठ्ठे घेऊन माणसं वॉशिंग्टनमध्ये थडकली. राष्ट्राध्यक्षाची कचेरी वरच्या मजल्यावर. जिने, वऱ्हांडे, बाहेरच्या खोल्या सगळं तुडुंब. लिंकनच्या नावावर एक वाक्य सांगतात: घराच्या एका टोकाला आग लागलीय आणि मी दुसऱ्या टोकाच्या खोल्या भाड्याने देण्यात गुंतलोय.

दोन प्रसंग देतो. पहिला विल्यम शेर्मनचा, जो पुढे जॉर्जिया जाळत समुद्रापर्यंत गेला तो. मार्चमध्ये तो लुइझियानातली नोकरी सोडून वर आला होता. त्याचा भाऊ जॉन ओहायोचा सेनेटर. जॉन त्याला लिंकनकडे घेऊन गेला, पण आधी बोलणं झालं ते ओहायोतल्या किरकोळ नेमणुकांचं. कागद दिले, लिंकन म्हणाला संबंधित खात्याकडे पाठवतो, आधी कुणाला शब्द दिला नसेल तर तुमचा माणूस लावू. मग जॉनने ओळख करून दिली की हा माझा भाऊ, नुकताच दक्षिणेतून आलाय. तिकडचं कसं काय, असं लिंकनने विचारलं. शेर्मनने सांगितलं की ते युद्धाची तयारी करताहेत. त्यावर लिंकनचं उत्तर एवढंच की, बरं, आम्ही घर सांभाळू कसं तरी. शेर्मन बाहेर पडला तो संतापून.

दुसरा प्रसंग मार्चच्या अखेरचा. लंडनला वकील, म्हणजे राजदूत, म्हणून नेमलेला चार्ल्स फ्रान्सिस अॅडम्स आभार मानायला आला. बाप आणि आजा दोघेही राष्ट्राध्यक्ष, घरंदाज माणूस. ब्रिटनने बंडखोरांना मान्यता दिली तर सगळंच संपलं, अशी वेळ. त्यामुळे काही सूचना मिळतील या अपेक्षेने तो उभा. लिंकन म्हणाला आभार माझे नको, परराष्ट्रमंत्री सिवर्डचे माना. आणि सिवर्डकडे वळून त्याला सांगू लागला की शिकागोच्या पोस्टमास्तरचं मी आज सकाळी ठरवून टाकलं.

१ एप्रिलला सिवर्डने, म्हणजे त्याच्याच परराष्ट्रमंत्र्याने, लेखी कळवलं की महिना संपला तरी सरकारला ना अंतर्गत धोरण ना परराष्ट्र धोरण. सेनेट बसलेली होती आणि नेमणुकांचे अर्ज निकालात काढायचे होते म्हणून जास्त गंभीर गोष्टींकडे पाहता आलं नाही, असंही त्यात होतं. यापेक्षा स्पष्ट कबुली कुठली हवी?


तळटीप

सहमत नाही. प्रसंग खरे आहेत, त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

एक तर वेळेची सक्ती लक्षात घ्या. वरच्या सगळ्या नेमणुकांना सेनेटची मंजुरी लागायची आणि सेनेटचं खास अधिवेशन ४ मार्चला सुरू होऊन २८ मार्चला संपलं. ही नावं त्या चोवीस दिवसांत गेली पाहिजेत, नाहीतर महिनोन्महिने अडकणार. घाई त्याच्या स्वभावात नव्हती, कॅलेंडरात होती.

दुसरं म्हणजे रिपब्लिकन पक्ष होता काय? १८५४ मध्ये जन्मलेला. मोडलेल्या व्हिग पक्षातले जुने लोक, गुलामगिरीला कंटाळलेले डेमोक्रॅट, परदेशी लोकांना विरोध करणारे, आणि त्याच पक्षात जर्मन स्थलांतरितही. यांना एकत्र धरणारं एकच सूत्र होतं, नव्या प्रदेशात गुलामगिरी नको. बाकी सगळ्यावर भांडणं. मंत्रिमंडळ पाहा ना: सिवर्ड, चेस, बेट्स, कॅमेरॉन, चौघेही पक्षाच्या १८६० च्या शिकागो अधिवेशनात उमेदवारीसाठी लिंकनच्या विरुद्ध उभे. ज्याचा गट रिकाम्या हाताने परत जाईल तो गट महिन्याभरात सरकारच्या अंगावर येणार. अशा सरकारने एप्रिलमध्ये युद्ध पुकारलं असतं तर किती राज्यपाल पलटणी घेऊन आले असते?


कोरा कागद

कॅमेरॉनचं नाव तुम्हीच घेतलंत ते बरं झालं. शिकागोत असताना लिंकनने स्वतः कळवलं होतं की मला बांधून घालणारे कसलेही करार करू नका. त्याच्या माणसांनी तरी पेनसिल्व्हेनियाची मतं मिळवायला कॅमेरॉनच्या गोटाला शब्द दिला. डिसेंबरअखेर लिंकनने त्याला मंत्रिपद देऊ केलं, तीन-चार दिवसांत ते मागे घेतलं, आणि शेवटी दबावाखाली दिलं. कोणतं खातं? युद्धखातं! देश फुटतोय आणि युद्धखात्यावर असा माणूस ज्याच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याच्याच पक्षात शंका.

परिणाम लगेच दिसला. एप्रिलमध्ये कॅमेरॉनच्या ओळखीतल्या एका वृत्तपत्रवाल्याला सैन्यासाठी खरेदीचे अधिकार मिळाले, आणि त्याने घेतल्या त्या वस्तूंत लिननच्या विजारी आणि गवती टोप्या होत्या. कॅमेरॉनला जानेवारी १८६२ मध्ये काढलं आणि रशियाला वकील म्हणून पाठवलं. एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाने त्याच्यावर ठपका ठेवला. म्हणजे वशिल्याने आलेला माणूस काढायलाही आणखी एक पदच द्यावं लागलं.


उत्तरायण

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून बोलताहेत: नेमणुका हे एक काम आणि दक्षिणेचं बंड हे दुसरं काम. ती एकच गोष्ट होती, असं माझं म्हणणं आहे.

१८६१ सालचं वॉशिंग्टनचं सरकार डोळ्यांपुढे आणा. सगळे मिळून सुमारे ३६ हजार मुलकी नोकर, त्यांतले ३० हजारांच्या आसपास टपाल खात्यात. आयकर नाही. एखाद्या लहानशा गावात केंद्र सरकार म्हणजे एक माणूस: पोस्टमास्तर. बंदर असेल तर जकात कचेरी. बस्स. आणि हा पोस्टमास्तर पत्रं वाटणाऱ्यापेक्षा बराच मोठा होता. गावात कोणतं वर्तमानपत्र पोचणार, कोणतं पत्रक पोत्यातच राहणार, हे त्याच्या हातात. दक्षिणेत १८३५ पासून गुलामगिरीविरोधी छापील मजकूर टपालात अडवला जात होता.

आता दक्षिणेतल्या गुलाममालकाच्या जागी उभे राहून विचार करा. लिंकन फौज पाठवील ही भीती होतीच, पण तिच्याइतकीच दुसरी होती. तो चार वर्षं शांतपणे पोस्टमास्तर, जकात अधिकारी, मार्शल नेमत जाईल. ज्यांच्याकडे गुलाम नाहीत अशा गोऱ्यांना ती पदं मिळतील, आणि दहा वर्षांत दक्षिणेतच रिपब्लिकन पक्ष उभा राहील. फुटून निघण्याची घाई समजून घ्यायची तर ही भीती समजून घ्यावी लागते. लिंकनने अजून काही केलेलंच नव्हतं, तरी सात राज्यं गेली, कारण त्यांना भीती होती ती त्याच्या नेमणुकीच्या अधिकाराची.

आणि लिंकनला हे नेमकं कळत होतं. १५ डिसेंबर १८६० ला त्याने नॉर्थ कॅरोलायनाच्या जॉन गिल्मरला पत्र लिहिलं. गिल्मर स्वतः गुलाममालक आणि तरीही देश एकत्र राहावा या मताचा. जिथे रिपब्लिकन फारसे नाहीत अशा गुलामगिरीच्या राज्यांत नेमणूक करताना माणसाचं राजकारण काय, त्याच्याकडे गुलाम आहेत की नाहीत, हे मी विचारणार नाही, असं त्यात आहे. याच गिल्मरला त्याने मंत्रिपदही देऊ केलं, त्याने नाकारलं. पुढे ४ मार्चच्या भाषणातही तेच: जिथे विरोध एवढा तीव्र असेल की स्थानिक लायक माणूस केंद्राचं पद घेऊच शकत नाही, तिथे लोकांना नकोसे वाटणारे परके अधिकारी लादले जाणार नाहीत. टपाल मात्र, अडवलं नाही तर, सगळीकडे चालू राहील. आणि ते राहिलंही! फुटलेल्या राज्यांत अमेरिकन टपाल मे १८६१ च्या अखेरपर्यंत पोचत होतं, सम्टर पडून सहा आठवडे होऊन गेल्यावरही.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष पोस्टमास्तरांची यादी घेऊन बसला होता म्हणजे खऱ्या कामापासून पळत होता, असं मला म्हणवत नाही.


बखरवाचक

उत्तरायण, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण तो दक्षिणेतल्या पदांना लागू पडतो. जिन्यावर गर्दी करून उभे होते ते इलिनॉय, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, इंडियानाचे. राष्ट्राध्यक्षाने थेट नेमायच्या सुमारे दीड हजार जागांपैकी हजाराहून जास्त जागी लिंकनने माणसं बदलली. तोपर्यंतच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षापेक्षा ही साफसफाई मोठी होती. शिकागोचं पोस्ट ज्याला मिळालं तो जॉन स्क्रिप्स शिकागोतला पत्रकार, १८६० मध्ये लिंकनचं प्रचारचरित्र लिहिणारा. दक्षिणेच्या भीतीशी त्याचा काय संबंध? ही सरळ परतफेड आहे.

आणि वेळेचा हिशेब राहतोच. पोव्हाटन जहाजाची गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मी काढतो. सम्टरला शिधा पोचवायची मोहीम गस्टव्हस फॉक्स आखत होता आणि नावाड्यांसाठी, होड्यांसाठी त्याची सगळी मदार पोव्हाटनवर होती. १ एप्रिलला सिवर्डने कागदांचा गठ्ठा लिंकनपुढे ठेवला, लिंकनने नीट न वाचता सह्या केल्या, आणि त्यातल्या एका सहीने तेच जहाज फ्लोरिडातल्या पिकन्स किल्ल्याकडे निघालं. नौदलमंत्री वेल्स याला पत्ताच नाही! कळल्यावर तो रात्री धावत लिंकनकडे गेला. लिंकनने सिवर्डला सांगितलं की जहाज परत बोलव. सिवर्डने तार केली ती स्वतःच्या नावाने. जहाजावरच्या पोर्टरने उत्तर दिलं की मला आलेला हुकूम राष्ट्राध्यक्षाच्या सहीचा आहे, तोच मी पाळणार. गेलं जहाज. फॉक्स सम्टरजवळ पोचला तेव्हा हातात काही नव्हतं, आणि किल्ल्यावरचा मारा त्याला लांबून बघावा लागला.

दिवसभर शेकडो माणसांचे अर्ज ऐकून थकलेल्या माणसाची ती सही आहे. तुम्ही कितीही सिद्धान्त मांडा, थकवा हा राज्यकारभारातला खरा घटक आहे.


तळटीप

पोव्हाटनचा दोष अर्जदारांच्या माथी मारता येत नाही. तो सिवर्डचा डाव होता. त्याला सम्टर सोडून पिकन्स धरायचा होता आणि कारभार आपल्याच हाती आहे असं तो धरून चालला होता.

तारखा मात्र नीट लावू या, कारण त्यांतच उत्तर आहे. २१ मार्चला फॉक्स स्वतः सम्टरमध्ये जाऊन अँडरसनला भेटून आला. लिंकनने इलिनॉयच्या स्टीफन हर्लबटला चार्ल्सटनला पाठवलं. हर्लबट मूळचा चार्ल्सटनचाच, त्यामुळे घराघरांत बसून बोलू शकणारा. तो २७ मार्चला परत आला आणि त्याने सांगितलं की तिथे देशाशी निष्ठा नावालाही उरलेली नाही. २८ ला सरसेनापती स्कॉटने सम्टर आणि पिकन्स दोन्ही सोडून द्या असा सल्ला दिला. २९ ला लिंकनने मोहिमेच्या तयारीचा हुकूम काढला. म्हणजे त्या तीन आठवड्यांत माहिती गोळा होत होती. आधी निर्णय घेतला असता तर तो सिवर्डच्या सांगण्यावर घेतला असता, की दक्षिणेत आपले लोक बरेच आहेत, थोडा धीर धरा. आणि तो चुकला असता.

तुमचा स्क्रिप्स मी सोडून देतो, पण न्यूयॉर्कची जकात कचेरी सोडत नाही. केंद्राचं बहुतेक सगळं उत्पन्न आयातीवरच्या जकातीचं, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा एकट्या न्यूयॉर्क बंदराचा. तिथला महापौर फर्नांडो वूड जानेवारी १८६१ मध्ये उघडपणे म्हणत होता की न्यूयॉर्कनेही देशापासून वेगळं व्हावं, स्वतंत्र शहर व्हावं. अशा बंदरातल्या कलेक्टरच्या खुर्चीवर आधीच्या सरकारचा माणूस ठेवायचा? तिथे हायरम बार्नीला बसवलं, त्यावरून चेस आणि सिवर्डच्या गटांत जुंपली, लिंकनचे कित्येक तास गेले. मी म्हणतो, जाऊ देत. युद्धाचा पैसा त्या दारातून येणार होता. वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांमध्येही दक्षिणेकडे ओढा असलेले कारकून इतके होते की जुलैत काँग्रेसला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली.


कोरा कागद

मग निष्ठा तपासा ना, कुणी अडवलंय? निष्ठावान डेमोक्रॅट पोस्टमास्तर इंडियानात काढून टाकायचं कारण काय? पदासाठी भांडणारे निष्ठेच्या नावावर येतात आणि पगाराचा काही टक्का पक्षाला देतात, ही त्या काळची उघड रीत होती. लिंकनच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष बुकॅनन, डेमोक्रॅट, त्याने १८५८ मध्ये हेच हत्यार स्वतःच्या पक्षावर चालवलं. कॅन्ससची गुलामगिरीवादी राज्यघटना मान्य करायला त्याच्याच पक्षाचा सेनेटर डग्लस तयार होईना, म्हणून डग्लसच्या माणसांना पोस्टातून हाकललं. डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला, १८६० मध्ये दोन उमेदवार उभे राहिले. पदं वाटून माणसं जोडता येतात असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की पदं काढून घेतल्याने अख्खा पक्ष फुटला आणि देशाला जोडणारा शेवटचा धागा तुटला.


उत्तरायण

बुकॅननचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्याने नेमणुकांनी विरोधक ठेचले, लिंकनने नेमणुकांनी विरोधक आत घेतले. एप्रिलनंतर बेंजामिन बटलरला मेजर जनरल केलं. हा माणूस १८६० मध्ये डेमोक्रॅटांच्या अधिवेशनात खुद्द जेफरसन डेव्हिसच्या नावाला मतं देत होता. इलिनॉयचा डेमोक्रॅट मॅकक्लर्नंड याला ब्रिगेडियर केलं. त्यामुळे दक्षिण इलिनॉय, जिथे लोकांचं येणं-जाणं केंटकीशी, तिथून पलटणी उभ्या राहिल्या.

जिन्यावर उभ्या माणसांची थोडी बाजू घेतो. १८ एप्रिलला वॉशिंग्टन उघडं पडलं होतं. व्हर्जिनिया फुटली होती, मेरीलँडचा भरवसा नाही, उत्तरेच्या पलटणी अजून वाटेत. त्या रात्री व्हाइट हाऊसच्या पूर्व दालनात बंदुका घेऊन कोण झोपलं? सेनेटर जिम लेनने गोळा केलेले कॅन्ससचे लोक, ज्यांच्यातले कित्येक पदं मागायलाच शहरात आले होते. मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण दुसऱ्या दिवशी बाल्टिमोरमधले दगड खात पोचली.

थॉमस डडली घ्या. न्यू जर्सीचा वकील, शिकागोच्या अधिवेशनात लिंकनच्या बाजूने मतं वळवणाऱ्यांपैकी एक. बक्षीस म्हणून लिव्हरपूलचं कॉन्सलपद मिळालं. चोख परतफेड, बखरवाचक, तुमच्या व्याख्येत बसणारी. या माणसाने लिव्हरपूलच्या गोद्यांमध्ये हेर पेरले, दक्षिणेसाठी बांधल्या जाणाऱ्या जहाजांचे पुरावे जमवले. त्यांतलं अलाबामा नावाचं जहाज जुलै १८६२ मध्ये निसटलं, पण पुढच्या वर्षी लेअर्ड गोदीतली दोन लोखंडी धडक जहाजं ब्रिटिश सरकारने अडवली, त्यात डडलीच्या पुराव्यांचा मोठा हात होता. ती समुद्रात उतरली असती तर उत्तरेची नाकेबंदी धोक्यात आली असती.

आणि ग्रँट, जो पुढे उत्तरेचा सरसेनापती झाला. १८५९ मध्ये सेंट लुइसला काउंटी इंजिनियरच्या जागेसाठी अर्ज केला, मंडळाने पक्ष बघून दुसऱ्याला दिली. १८६१ मध्ये गॅलीनाचा खासदार वॉशबर्न त्याच्या पाठीशी उभा राहिला म्हणून तो ब्रिगेडियर झाला. वॉशबर्नचा वशिला नसता तर ग्रँट कातड्याच्या दुकानातच राहिला असता.


बखरवाचक

एक ग्रँट मिळाला तर किती बटलर आणि बँक्स सोसावे लागले? जून १८६१ मध्ये बिग बेथेलला बटलरच्या तुकड्यांनी अंधारात एकमेकांवरच गोळ्या झाडल्या. १८६४ ची रेड रिव्हर मोहीम बँक्सच्या हाताखाली पार फसली. मॅसॅच्युसेट्सची मतं टिकावीत म्हणून ही दोन माणसं सेनापती राहिली, आणि त्याचा हिशेब शिपायांनी चुकता केला. ‘त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता’ हे वाक्य मला इथे फार सोयीचं वाटतं.


मृण्मयी

सगळे प्रतिसाद वाचले. तळटीप आणि उत्तरायण यांनी दाखवलंय की पदवाटपाने पक्ष टिकला, खजिना हाती राहिला, काठावरची राज्यं सांभाळली गेली. हे मला मान्य आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. या वाटपात ज्यांच्याकडे मत होतं, पलटण होती, वर्तमानपत्र होतं, त्यांना काहीतरी मिळालं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं ते स्वतःच वाटले गेले.

मिनेसोटातल्या डकोटा लोकांचं पाहा. १८५१ च्या तहांनी त्यांनी जवळजवळ सगळी जमीन दिली आणि मिनेसोटा नदीकाठच्या पट्ट्यात राहिले. बदल्यात वर्षासन, रोख आणि धान्य. ते वाटायचं काम सरकारी एजंटाचं. १८५७ पासून हा एजंट होता जोसेफ ब्राउन. धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण त्याची बायको डकोटा वंशाची, भाषा त्याला येत होती, माणसं ओळखीची. तो डेमोक्रॅट. १८६१ मध्ये गेला. त्याच्या जागी थॉमस गॅलब्रेथ आला. रिपब्लिकन पक्षाचं काम, हीच त्याची पात्रता. डकोटांमध्ये काम केल्याचा अनुभव शून्य.

१८६१ चं पीक किडीने खाल्लं होतं. १८६२ च्या उन्हाळ्यात वर्षासनाचा पैसा वॉशिंग्टनमध्ये अडकला; युद्ध चालू, सोनं द्यायचं की कागदी नोटा यावर घोळ. गॅलब्रेथच्या कोठारात धान्य होतं. तो म्हणाला, पैसा आणि धान्य एकदमच वाटायची रीत आहे, पैसा येईपर्यंत थांबा. व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली. ४ ऑगस्टला यलो मेडिसिनच्या एजन्सीत उपाशी डकोटांनी कोठाराचं दार फोडलं, समोर शिपायांची तोफ. तेव्हा कुठे थोडं धान्य बाहेर आलं, तेही एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने रेटा लावल्यावर. नदीच्या खालच्या अंगाला दुसरी एजन्सी होती, तिथल्या डकोटांना तेवढंही नाही. आणि गॅलब्रेथ? तो युद्धासाठी स्वयंसेवकांची तुकडी भरती करून तिच्याबरोबर निघाला होता! १८ ऑगस्टला डकोटांचे हल्ले सुरू झाले. त्याच दिवशी सोन्याची पेटी फोर्ट रिजलीला पोचली. शेकडो गोरे वसाहतवाले मेले, डकोटा किती मेले त्याची कुणी नीट नोंदही ठेवली नाही, आणि २६ डिसेंबरला मॅन्केटोला ३८ डकोटांना एकदम फाशी दिली. फाशीची शिक्षा सुनावलेल्या ३०३ जणांची यादी लिंकनने तिथपर्यंत कमी करत आणली, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

आता कुणी म्हणेल, हे कुणाला आधी कसं कळणार. कळलं होतं. मिनेसोटाचे बिशप हेन्री व्हिपल यांनी त्याच वर्षी, हे सगळं घडण्याआधी लिंकनला लिहिलं होतं की हे एजंट लायकी बघून नेमले जात नाहीत, पक्षाच्या कामाचं बक्षीस म्हणून नेमले जातात. आणि वर्षाला दीड हजार डॉलर पगाराचा एजंट चार वर्षांत गब्बर होऊन घरी जातो, अशी सरहद्दीवर सर्वांची समजूत आहे.


तळटीप

मृण्मयीताई, ब्राउनच्या काळातही व्यापाऱ्यांची देणी वर्षासनातून कापली जात होती आणि डकोटांच्या हाती फार थोडं पडत होतं. पैसा वॉशिंग्टनमध्ये अडला त्याला गॅलब्रेथ जबाबदार नाही. ब्राउन असता तर युद्ध टळलंच असतं असं ठामपणे कसं म्हणता येईल?


मृण्मयी

पैसा अडला हा वॉशिंग्टनचा दोष, मान्य. ब्राउन संत नव्हता हेही मी वरच लिहिलंय. पण कोठाराचं दार उघडणं एजंटाच्या हातात होतं. समोरच्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा एजंट दोन महिने रीत सांगत बसला नसता, कारण उपाशी लोक किती दिवस ऐकून घेतील याचा त्याला अंदाज असता. तुम्ही न्यूयॉर्कच्या कलेक्टरसाठी जो निकष लावलात, की त्या खुर्चीवर कोण बसतो याने युद्धाचा निकाल बदलतो, तोच मी यलो मेडिसिनला लावतेय.

लिंकनला अर्जदाराची तगमग ठाऊक होती. १८४९ मध्ये तो स्वतः जमीन खात्याच्या आयुक्तपदासाठी शिफारशी गोळा करत वॉशिंग्टनला गेला होता. पद बटरफिल्डला मिळालं, त्याला ओरेगनचं राज्यपालपद देऊ केलं, ते त्याने घेतलं नाही. म्हणून त्याने जिन्यावरच्या माणसांना हाकललं नाही, हे मी समजू शकते. पण त्या जिन्यावर डकोटांपैकी कुणी उभं नव्हतं, आणि त्यांच्यावर कोणाला नेमायचं याची शिफारस करत होते मिनेसोटाचे रिपब्लिकन पुढारी.


कोरा कागद

यात भर. ही पद्धत मोडायला १८८३ उजाडावं लागलं, आणि तेही कसं? पद न मिळालेल्या गिटोने जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्डवर गोळ्या झाडल्या, सप्टेंबरमध्ये तो गेला, मग पेंडलटन कायदा आला. डकोटा युद्धाने जे झालं नाही ते एका राष्ट्राध्यक्षाच्या मरणाने झालं. त्यातही सुरुवातीला केंद्राच्या दहा नोकऱ्यांमागे जेमतेम एक परीक्षेखाली आली. राष्ट्राध्यक्षाने नेमायची आणि सेनेटने मंजूर करायची पदं त्या कायद्याच्या बाहेरच राहिली, आणि गॅलब्रेथची खुर्ची त्यांच्यातलीच होती.